एका कर्ण्याचं गाणं, दोन कानांचं गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाणं कुठून ऐकू येतं? प्रश्न जरा वेडगळ वाटेल. रेडिओतून येतं, मोबाइलमधून येतं, मांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून येतं, असं कुणीही सांगेल. पण कानांना हेडफोन लावा आणि अलीकडचं एखादं गाणं डोळे मिटून ऐका. गाणारी बाई डोक्याच्या बरोबर मध्ये उभी आहे, असं वाटतं. गिटार डाव्या कानाशी, बासरी उजवीकडे, व्हायोलिनं थोडी इकडे थोडी तिकडे. डोक्याच्या आत एक लहानसं सभागृह उभं राहतं आणि त्यात प्रत्येक वादकाला जागा नेमून दिलेली असते. गंमत अशी, की वाजवताना तो वादक त्या जागी बसलेला असेलच असं नाही. त्याची जागा पुष्कळदा मागाहून, स्टुडिओतल्या मिक्सरवरचं एक बटन डावीकडे-उजवीकडे फिरवून ठरवलेली असते. ध्वनिमुद्रण करणारी मंडळी याला पॅनिंग म्हणतात.

मी कवी माणूस. बी.ए. झालो तो मराठी आणि इतिहास घेऊन. विजेच्या तारांशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. तरी या लहानशा बटनाचा इतिहास मला सांगावासा वाटतो, कारण त्यात विज्ञानाइतकीच माणसांची गोष्ट आहे. कुणाला किती ऐकू यावं, कुणाच्या वाट्याला अर्धंच यावं, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

यंत्र येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे गाण्याला डावं-उजवं होतंच. आमच्या विदर्भात खंजिरी भजनाची बैठक बसते तेव्हा मंडळी समोरासमोर दोन रांगा करून बसतात. एका रांगेनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ही खंजिरी गावोगाव पोचवली. शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष; एकानं सवाल घालायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. यवतमाळ जिल्ह्यात उरुसाला कव्वालीचा मुकाबला होतो, त्यातही दोन पार्ट्या. एक मंच या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये माणसं. रात्र चढत जाते तशा लोकांच्या माना एकदा इकडे, एकदा तिकडे वळत राहतात. तिथं बसलेल्या माणसाला स्टिरिओ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. तो त्यातच बसलेला असतो.

हे कळतं ते आपल्याला दोन कान आहेत म्हणून. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला नंतर. हा 'नंतर' म्हणजे फार तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा साठ-सत्तर टक्के हिस्सा. शिवाय मध्ये आपलं डोकं आडवं येतं, त्यामुळे बारीक आवाज पलीकडच्या कानाला थोडे दबून पोचतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन्ही गोष्टी जोडून मांडल्या: जाड आवाजाची दिशा वेळेवरून कळते, बारीक आवाजाची दिशा जोरावरून. मेंदू हा हिशेब इतक्या झटपट करतो, की आपल्याला तो केल्याचं कळतही नाही. आमच्या दारव्ह्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला रेल्वे जायची. ती आता धावत नाही. पण लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या गाडी मूर्तिजापूरकडून आली की यवतमाळकडून, हे आम्ही भाऊ न बघता सांगायचो. तो काही आमचा पराक्रम नव्हता, दोन कानांचा होता.

आता यंत्राकडे येऊ. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात होते आणि गौहर जान यांच्या तबकड्या भरल्या गेल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा भिंतीतून बाहेर आलेला असायचा, गाणाऱ्यानं त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं. कर्णा एक, सुई एक, खाच एक. सगळ्या मैफलीची अशी एका छिद्रातून ओवणी झाली. डावं-उजवं संपलं. उरलं ते फक्त जवळ आणि दूर. ज्याचा आवाज मोठा हवा त्यानं कर्ण्याजवळ जायचं, ज्याचा लहान हवा त्यानं मागे सरकायचं.

१९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, तरी मूळ नियम तोच राहिला. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले. त्या काळी नट स्वतःच गायचे आणि वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे झाडाआड, पडद्याआड बसायचे. पुढे पार्श्वगायन आलं आणि मुंबईत ताडदेवच्या फेमस स्टुडिओसारख्या ठिकाणी गाणी भरली जाऊ लागली. तिथं बसणाऱ्या वादकांत गोव्याची मंडळी पुष्कळ होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे व्हायोलिनचे गुरू. या लोकांनी लिहिलेल्या स्वरपत्रांवर पन्नास-पन्नास वाद्यं एकाच वेळी वाजायची, आणि ती सगळी अखेर एकाच पट्टीवर उतरायची. चूक झाली तर सगळ्यांनी पहिल्यापासून.

मग कुणाचा आवाज कुठे, हे ठरायचं कसं? बसण्याच्या जागेवरून. बासरीवाला माइकपाशी, व्हायोलिनं मागे, ढोलकवाला आणखी बाजूला. सोलो आला की वादकानं उठून पुढे यायचं, झालं की पाय न वाजवता मागे जायचं. 'मुघल-ए-आझम'मधल्या शीशमहालाच्या गाण्याची गोष्ट सांगितली जाते, की घुमारा आणणारं यंत्र हाताशी नव्हतं म्हणून नौशाद यांनी लता मंगेशकर यांचा आवाज न्हाणीघरातल्या फरशांवर घुमवून घेतला. डावं-उजवं नसलेल्या काळात या माणसांनी जवळ-दूरची कला इतकी वाढवली, की एकाच कर्ण्यातून आपल्याला दालन दिसतं, जिना दिसतो, कुणीतरी दूर निघून गेलेलं दिसतं. त्या गाण्यांना आपण मोनो म्हणतो. एकेरी. पण ती उणी नाहीत.

आकाशवाणीचंही तसंच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि आठवड्याला एक या हिशेबानं छप्पन्न गीतं झाली. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचा स्वरसाज. गाणाऱ्यांत वसंतराव देशपांडेही होते. ते जन्मानं मूर्तिजापूरचे, म्हणजे आमच्या शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाचे. गावात एखादाच रेडिओ असायचा, त्याला एकच स्पीकर. त्याच्याभोवती जमलेल्या लोकांत कुणी समोर बसे, कुणी ओट्याच्या कडेला, कुणी दाराबाहेर. गाणं मात्र सगळ्यांना पूर्ण मिळे. १९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष गदिमाच होते. आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी आधी त्या एका स्पीकरमधून त्यांना ऐकलं होतं आणि मग डोळ्यांनी पाहिलं.

मग आवाजाचे दोन कुणी केले? पहिला प्रयोग पुष्कळ जुना आहे. १८८१ साली पॅरिसच्या वीजप्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची बोलकी टोकं मांडली आणि दूर प्रदर्शनात लोकांना दोन्ही कानांना एकेक नळी लावून ऐकवलं. गाणारा रंगमंचावर इकडून तिकडे गेला की ऐकणाऱ्यालाही ते कळे.

खरा पाया घातला तो अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानं. असं सांगतात, की तो बायकोबरोबर बोलपट बघायला गेला होता. पडद्यावर माणूस एका कडेला आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून. माणूस हलतो, आवाज हलत नाही. यावर आपल्याकडे उपाय आहे, असं तो म्हणाला. डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. दोन माइक, दोन स्पीकर, एकाच खाचेत दोन्ही आवाज कोरण्याची रीत, हे सगळं त्या कागदांत होतं. वय अठ्ठावीस. १९३५ साली त्यानं हेझ नावाच्या स्टेशनावरच्या गाड्यांचं चित्रीकरण केलं. पडद्यावर गाडी जाते तसा तिचा आवाजही सरकत जातो. हे वाचलं तेव्हा मला आमचं दारव्हा स्टेशन आठवलं. आम्ही अंथरुणात ज्याचा खेळ करत होतो, ते त्या माणसानं पट्टीवर उतरवलं होतं. पुढे महायुद्ध सुरू झालं. ७ जून १९४२ रोजी विमानातून रडारची चाचणी घेताना अपघातात तो गेला. वय अडतीस. युद्धाचं गुपित म्हणून त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा दाबून ठेवली गेली. आपला शोध घरोघर पोचलेला त्याला बघायला मिळाला नाही.

ब्लुमलाइनचा रोख होता तो प्रसंग जसा घडला तसा टिपण्यावर. आवाज हवा तिथे नेऊन ठेवण्याचं बटन आलं ते वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटासाठी. त्याच्या तंत्रज्ञांनी असं साधन बनवलं, की एकच मुद्रित आवाज पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवता येईल. त्याचं नाव पॅनपॉट. आजच्या मोबाइलमधल्या फुकट ॲपमध्ये जी डावी-उजवी पट्टी दिसते, ती त्याचीच नात.

हे बटन करतं काय? तत्त्व सोपं आहे. एकच आवाज दोन स्पीकरना वाटून द्यायचा. डावीकडे जास्त दिला तर तो डावीकडून आल्यासारखा वाटतो, उजवीकडे जास्त दिला तर उजवीकडून. दोन्हीकडे सारखा दिला, की आवाज दोन्ही स्पीकरच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथून येतो. तिथे भिंत असते, कॅलेंडर असतं, पण गाणारी बाई तिथेच उभी आहे असं कान शपथेवर सांगतात. एक बारकावा मात्र आहे. मधल्या आवाजाला दोन्ही स्पीकरनी पुरती ताकद दिली, तर तो कडेच्या आवाजांपेक्षा मोठा होऊन बसेल. म्हणून मध्यावर आला की त्याची शक्ती दोन्हीकडे निम्मी-निम्मी करतात. भाषेत हा व्यवहार असा सांगता येईल: भाकरी एकच, ताटं दोन.

१९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, १९६१ साली अमेरिकेत एफएम रेडिओवर स्टिरिओ सुरू झालं, आणि १९६३ साली फिलिप्सनं आणलेल्या कॅसेटवरही पुढे स्टिरिओ गाणी आली. या तिन्ही ठिकाणी अभियंत्यांनी एक गोष्ट केली आहे, जी मला फार मोलाची वाटते. ज्याच्याकडे जुनं, एकाच स्पीकरचं यंत्र आहे, त्याचं गाणं अर्धं होऊ नये याची त्यांनी तजवीज केली.

तबकडीची खाच बघा. सुई आडवी हलते त्यात डाव्या-उजव्याची बेरीज असते, उभी हलते त्यात वजाबाकी. जुनी सुई फक्त आडवं वाचते, म्हणजे तिला बेरीज मिळते, सगळं गाणं मिळतं. एफएमचंही तेच. मुख्य लहरीवर जाते ती बेरीज. वजाबाकी वेगळी, वरच्या अंगाला नेलेली. साध्या संचाला वजाबाकी कळत नाही, तो बेरीज वाजवतो. आमचं यवतमाळ केंद्र एफएमवरच बोलतं. शेतात झाडाला अडकवलेल्या लहानशा संचालाही एफएमच्या स्टिरिओ कार्यक्रमातला शब्द न् शब्द मिळतो, तो या रचनेमुळे. आणि कॅसेट? तिच्या फितीवर एका बाजूचे डावा-उजवा हे दोन पट्टे शेजारी-शेजारी ठेवले. एकेरी यंत्राचं डोकं रुंद, ते दोन्ही पट्टे एकदम वाचतं. पट्टे दूर ठेवले असते, तर साध्या टेपरेकॉर्डरवर अर्धंच गाणं वाजलं असतं. लांबच्या देशातल्या त्या अभियंत्यांना दिग्रस-पुसदचा टेपरेकॉर्डर ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ज्याच्या घरी एकच स्पीकर आहे, तो माणूस त्यांच्या नजरेसमोर होता.

गाणं मिसळणाऱ्यांनीही आपले नियम केले. मुख्य आवाज मध्ये. जाड खर्जाचं वाद्य मध्ये. कारण खर्ज दोन्हीकडे उलटसुलट झाला तर तबकडीवरची सुई उडते. सुरुवातीला सगळ्यांना हे जमलं नाही. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या तबकडीच्या स्टिरिओ आवृत्तीत गाणारे एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात, अशी सरळ वाटणी आहे. भावाभावांनी घरात भिंत घालावी तशी. पुढे हात बसला आणि मधली जागा शब्दांसाठी राखून ठेवायची रीत पडली.

आपल्याकडे पडद्यावरचा स्टिरिओ लोकांच्या तोंडी झाला तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेल्या 'शोले'मुळे. त्याच्या ध्वनिमिश्रणात मोठं नाव मंगेश देसाई यांचं. परळच्या व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात बसून काम करणारा हा मराठी माणूस. त्यांच्याकडून मिश्रण करून घ्यायला सत्यजित राय कलकत्त्याहून येत. सत्तर मिलिमीटरच्या फितीवर आवाजाचे सहा पट्टे असत: पाच पडद्यामागे, एक प्रेक्षकांच्या भोवती. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात जयनं उडवलेलं नाणं खणकलं, की लोक खुर्चीखाली बघत, असं अजून सांगतात.

पण सत्तर मिलिमीटरच्या प्रती मोजक्या शहरांपुरत्या. बाकी गावांत साधी पस्तीसची प्रत आणि पडद्यामागे एक स्पीकर. आमच्याकडे ते नाणं समोरूनच पडलं. तरी लोकांनी शिट्ट्या तेवढ्याच मारल्या, कारण संवाद पूर्ण ऐकू आले. मोठ्या शहरात मिळाली ती जादा गोष्ट होती. मूळ गोष्ट आम्हालाही मिळाली. मंगेश देसाईंसारख्यांच्या कामाचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी मिसळलेला आवाज सहा पट्ट्यांवरही उभा राहतो आणि एकावरही.

ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेटचा काळ आला. बिछायत केंद्रवाल्यांकडे कर्ण्याच्या जोडीला मोठे बॉक्स आले, घरोघरी डेक आले. तेव्हा मी दारव्हा-दिग्रस काळी-पिवळी जीपनं जायचो. त्या जीपमधल्या एका स्पीकरची तार कायम तुटलेली. गाणारी गायची, ठेका चालू राहायचा, पण अंतऱ्याआधीचा संगीताचा तुकडा आला, की सतार अचानक गप्प आणि नुसतीच टाळी वाजत राहायची. प्रवाशांना त्याचं काही वाटत नसे. सतारीची जागा कुणीतरी तोंडानं भरून काढायचा. शब्द मध्ये ठेवण्याची रीत काय कामाची, हे मी त्या जीपमध्ये शिकलो.

आणि ती रीत मोडली तर काय होतं, हे घरात शिकलो. लहानपणी कान वाहून अब्बांचा डावा कान कायमचा बंद झाला होता. एका कानाच्या माणसाला ऐकू कमी येतं एवढंच आपण समजतो. तसं नाही. त्याची दिशा जाते. वावरात दूरून हाक मारली, की अब्बा भलतीकडे बघायचे. म्हणून घरात रीतच होती, त्यांना हाक मारायची ती समोर जाऊन. मांडवात ते मुकाबला ऐकायचे तेव्हा कुणाची पार्टी गाते आहे, हे माना कुठे वळल्या त्यावरून ओळखायचे. पण त्यांना तो ऐकू पूर्ण यायचा, कारण आवाज मांडवभर फिरून अखेर त्या चांगल्या कानापर्यंत पोचायचा.

मी पहिल्या पगारातून वॉकमन घेतला. एका मुकाबल्याची कॅसेट त्यात घातली आणि हेडफोन अब्बांच्या डोक्यावर चढवला. ती कॅसेट ज्यानं तयार केली होती, त्यानं मांडवाचं अगदी हुबेहूब चित्र उभं केलं होतं. एक पार्टी सगळी डावीकडे, दुसरी सगळी उजवीकडे. अब्बा थोडा वेळ मान हलवत ऐकत राहिले. मग मध्येच थांबून म्हणाले, "दूसरी पार्टी किधर गई रे?" उजवीकडची पार्टी सवाल टाकत होती आणि समोर शांतता. जवाब डाव्या कानाशी येऊन थांबला होता. मी हेडफोन उलटा करून दिला. आता जवाब ऐकू येऊ लागले, सवाल नाहीसे झाले. "रेडिओ अच्छा था," म्हणून त्यांनी तो काढून ठेवला.

त्या मिसळणाऱ्याचा काही दोष नव्हता. दोन चांगल्या कानांसाठी ती कॅसेट उत्तम होती. पण मांडवातला आवाज हवेतून सगळीकडे पसरतो, हेडफोनमधला पसरत नाही, हा फरक त्यानं धरला नव्हता.

स्टिरिओची आणखी एक अट आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. म्हणजे खरा स्टिरिओ एकाच खुर्चीला मिळतो, मधल्या. कडेला बसलेल्याला जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो, आणि जो आधी आला तिकडूनच सगळं आलं असं कान धरून चालतो. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी कानाची ही खोड नीट अभ्यासली. म्हणून मांडवात, सभेत, कविसंमेलनात जाणता साउंडवाला दोन्ही बाजूंना एकच आवाज देतो. गावाच्या कार्यक्रमात मधली खुर्ची एकच असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा अध्यक्ष बसलेले असतात!

जाता जाता एका शब्दाची गंमत. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणायची पद्धत पडली. रे डॉल्बी हे अमेरिकन गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात भारतातच तांत्रिक सल्लागार म्हणून होते. १९६५ साली लंडनला जाऊन त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. त्यांचा पहिला मोठा शोध कोणता, तर फितीवरची खरखर कमी करण्याचा. नको असलेला आवाज घालवण्यात ज्याची हयात गेली, त्याचं नाव आपण खिडकीच्या काचा हादरवणाऱ्या आवाजाला दिलं.

आता आजचा प्रश्न. जी गाणी एकेरी भरली गेली, त्यांचं काय करायचं? नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर नवे ठोके चढवून 'झंकार बीट्स'च्या कॅसेट निघाल्या. २००४ च्या नोव्हेंबरात 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन आला, तेव्हा नौशाद आणि उत्तम सिंग यांच्या देखरेखीखाली संगीत नव्यानं वाजवून घेतलं गेलं आणि गाणाऱ्यांचे मूळ आवाज त्यात बसवले. तिथे निदान मूळ संगीतकार समोर होते. अलीकडे संगणक आणखी पुढे गेला आहे. पूर्वी कराओकेवाले डाव्यातून उजवं वजा करायचे. मध्ये असलेला आवाज दोन्हीकडे सारखा, म्हणून वजाबाकीत तो शून्य व्हायचा आणि संगीत उरायचं. एकेरी गाण्यात ही युक्ती चालत नसे, कारण तिथे सगळेच मध्ये. वजाबाकी केली तर काहीच उरत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्ता एकेरी मुद्रणातूनसुद्धा गळा वेगळा, तबला वेगळा, व्हायोलिन वेगळं काढून देते. २०२२ साली बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं असं नवं मिश्रण झालं. २०२३ साली जॉन लेनन यांचा जुन्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सोडवून नवं गाणं काढलं गेलं.

हे आपल्या गाण्यांनाही होणार, होतंही आहे. मी त्याच्या विरोधात नाही. धुळीत दबलेला एखादा शब्द मोकळा होत असेल तर व्हावा. पण ज्या माणसांनी पाय न वाजवता माइकपाशी जाऊन आपली जागा मिळवली, त्यांची ती जागा ऐंशी वर्षांनी कुणीतरी बटनानं बदलणार असेल, तर दोन गोष्टी व्हाव्यात. नव्या मिश्रणावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि मूळ एकेरी मुद्रण जसंच्या तसं, शेजारीच मिळावं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या बखरीची नवी आवृत्ती काढता येते. मूळ कागद मात्र जाळायचा नसतो.

दुसरी गोष्ट आजच्या पोरांसाठी. आमच्या जिल्ह्यातली तरुण मुलं घरच्या खोलीत गाणी करतात. बंजारा गाणी, गोंडी गाणी, वऱ्हाडी गाणी. चांगली करतात. हेडफोन लावून मिसळतात आणि तिथे सगळं छान वाटतं. आवाज रुंद वाटावा म्हणून कधी कधी एक बाजू उलटी करणारी युक्तीही वापरतात. तीच गाणी लोक मोबाइलला जोडलेल्या एका लहान स्पीकरवर ऐकतात, तेव्हा दोन्ही बाजूंची बेरीज होते, उलटसुलट लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि कोरस पुसला जातो. एक कान मोकळा ठेवून ट्रॅक्टर चालवणारा आहे, एका कानानं अधू असलेला आहे, त्यांच्या वाट्याला अर्धं गाणं येतं. तबकडीवाल्यांनी, एफएमवाल्यांनी, कॅसेटवाल्यांनी ज्या माणसाची आठवण ठेवली होती, त्याला आता आपण विसरायचं का?

मोबाइलच्या सेटिंगमध्ये, सुलभतेच्या विभागात, 'मोनो ऑडिओ' असं एक बटन असतं. ते लावलं, की दोन्ही बाजू एकत्र होऊन प्रत्येक कानाला पूर्ण गाणं मिळतं. ते आलं तेव्हा अब्बा नव्हते. तुमच्या घरात, शेजारी एका कानानं कमी ऐकणारं कुणी असेल, तर त्याला ते आजच लावून द्या. आणि गाणी करणाऱ्या पोरांनो, गवळण असो की कव्वाली, शब्द मध्ये ठेवा, बाकी वाद्यं हवी तिथे मांडा. आणि गाणं गावात सोडण्याआधी ते एकदा एकाच स्पीकरवर, दाराबाहेर उभं राहून ऐका. तिथे ते पूर्ण आलं, तर कुठेही पूर्ण येईल.